एल्क आणि म्यूल डिअरची पहिली शिकार: सोडतीच्या अर्जापासून घरच्या फ्रीझरपर्यंत

कोलोरॅडोत स्थिरावलेल्या मराठी घरांतून मला हिवाळा आला की हमखास एक विचारणा होते. शेजारचे लोक ऑक्टोबरात डोंगरात जातात, वर्षभर पुरेल एवढं मांस घेऊन येतात. आम्हालाही मुलांना घेऊन जायचंय, सुरुवात कुठून करायची? हा लेख त्यांच्यासाठी आहे. बंदूक कधी हातात धरलेली नाही, पण चढण चढायची आणि थंडी सोसायची तयारी आहे, अशा कुटुंबासाठी. उदाहरणं कोलोरॅडोचीच घेतली आहेत. एल्कची, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाची, सर्वांत मोठी संख्या याच राज्यात आहे, अडीच लाखांहून जास्त, आणि नवख्या कुटुंबाला इथे टॅग, म्हणजे एक ठरावीक प्राणी मारायचा परवाना, मिळणं तुलनेनं सोपं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली काही वर्षं मोठ्या शिंगांचा नाद सोडा. मादी एल्कचा टॅग मागा, घरापासून गाडीने चार तासांच्या आतला भाग निवडा आणि दरवर्षी त्याच डोंगरात जा. पुढचं सगळं याच मतावर उभं आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. त्यामुळे आपल्या मनात शिकार म्हणजे एकतर संस्थानिकांचा शौक, नाहीतर चोरटा गुन्हा. अमेरिकेतली व्यवस्था वेगळी आहे. रानातला प्राणी जमीनमालकाचा नसतो. राज्य तो जनतेच्या वतीने सांभाळतं. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ, म्हणजे सीपीडब्ल्यू, या खात्याचे जीवशास्त्रज्ञ हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून कळपांची पाहणी करतात, नर-मादी-पिल्लांचं प्रमाण काढतात आणि त्यावरून प्रत्येक भागात किती टॅग द्यायचे ते ठरतं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात राज्याच्या वायव्येला, क्रेग आणि मीकरच्या आसपास, बर्फाने हरणं आणि एल्क मोठ्या संख्येने दगावले, तेव्हा खात्याने तिथले टॅग लगेच कमी केले. परवान्याचे पैसे या खात्याकडे जातात. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के संघराज्य कर लागतो, तोही वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. घरात आजी-आजोबा नाराज असतील तर त्यांना हे नीट समजावून सांगा. तरीही पटलं नाही तर त्यांचा मान राखा.

आधी कागदपत्रं

१ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत शिकार परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो सगळ्या कुटुंबाने एकत्र करा. दहा-अकरा वर्षांची मुलं हा अभ्यासक्रम सहज पार पाडतात, बऱ्याचदा आईबाबांपेक्षा जास्त लक्ष देऊन. एकदा मिळालेलं कार्ड सगळ्या राज्यांत चालतं. वर्गांच्या जागा वसंतात भराभर संपतात, म्हणून हे काम आदल्या हिवाळ्यातच उरकून घ्या.

मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी वयाची अट १२ वर्षांची. १२ ते १५ वयाच्या मुलाबरोबर १८ वर्षांवरचा, स्वतः हंटर एज्युकेशनची अट पूर्ण करणारा माणूस असावाच लागतो, आणि तोही मूल नुसत्या डोळ्यांना दिसेल आणि त्याची हाक ऐकू येईल इतक्या जवळ. वॉकीटॉकीवरचा संपर्क यात धरत नाहीत.

आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा व्हिसाचा आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्य कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. अपवाद आहे तो कुठल्याही राज्याने दिलेला वैध, मुदत न संपलेला शिकार परवाना जवळ असणाऱ्याचा. ग्रीनकार्डधारकांना ही अडचण नाही. म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर असाल तर आधी परवाना, मग बंदूक. हा क्रम उलटा करू नका, आणि परवान्याची मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ग्रीनकार्डाचा अर्ज चालू असेल तर बंदूक खरेदीआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारणं शहाणपणाचं.

राज्याचे रहिवासी ठरायला सलग सहा महिने इथे राहिलेलं असावं लागतं. फरक मोठा आहे. एल्कच्या टॅगला परराज्यातल्या माणसाला रहिवाशाच्या दहापटीहून जास्त पैसे मोजावे लागतात. नुकतेच टेक्ससहून किंवा न्यू जर्सीहून आला असाल आणि सहा महिने व्हायला थोडेच दिवस उरले असतील, तर थांबा.

सोडत

म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरलेल्या माणसाला यातलं निम्मं आधीच कळेल: अर्जाची मुदत, अर्जाचं शुल्क, गट, प्रतीक्षा, आणि निकालाच्या दिवशी सगळ्या घराने मोबाइलकडे लावलेले डोळे. फरक असा की इथे हरलात तर पुढच्या वर्षासाठी हाती काहीतरी उरतं.

राज्याचे शिकारीच्या दृष्टीने बरेच छोटे भाग पाडलेले आहेत, त्यांना युनिट म्हणतात. प्रत्येक टॅग एका विशिष्ट कोडचा असतो. कोडमध्ये क्रमाने प्राणी, नर की मादी, युनिट, हंगाम आणि हत्यार एवढं लिहिलेलं असतं. एक अक्षर चुकलं की मादीऐवजी नराचा, नाहीतर रायफलीऐवजी धनुष्याचा टॅग हातात येतो. अर्ज भरल्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाने कोड मोठ्याने वाचून पडताळावा.

मुख्य सोडतीची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री ८ वाजता संपते. अर्जाआधी एक पात्रता परवाना घ्यावा लागतो. वर्षभराचा छोट्या शिकारीचा परवाना त्यात चालतो, आणि तेवढ्यावर मुलांना ससे आणि ग्राउस पक्ष्यांच्या मागे नेता येतं, म्हणून मी तोच सुचवतो. एका प्राण्यासाठी चार पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचा टॅग लागला नाही तर एक प्रेफरन्स पॉइंट मिळतो. पुढच्या वर्षी ज्याच्याकडे जास्त पॉइंट, त्याचा नंबर आधी. पहिली पसंती लागली की साठलेले पॉइंट शून्यावर येतात. दुसरी, तिसरी किंवा चौथी लागली तर त्यांना धक्का लागत नाही. नवख्यासाठी ही फट फार मोलाची आहे. पहिल्या पसंतीत फक्त पॉइंट मागायचा कोड भरा आणि दुसऱ्या पसंतीत सहज लागणारा मादीचा टॅग. शिकारही होते आणि पॉइंटही साठतो.

कुठला टॅग सहज लागतो हे अंदाजाने ठरवू नका. गेल्या वर्षी कुठल्या कोडला किती अर्ज आले, किती पॉइंटवाल्यांना मिळाला, कितव्या पसंतीपर्यंत टॅग उरले, हे सगळं सीपीडब्ल्यू दरवर्षी जाहीर करतं. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते तक्ते उघडून बसा. मुलांना हे काम मनापासून आवडतं. शाळेत शिकलेली टक्केवारी इथे कामाला येते.

कुटुंबाने गटाने अर्ज करावा की सुटा? गटात सगळ्यांना टॅग लागतो नाहीतर कुणालाच नाही, आणि गटातल्या सर्वांत कमी पॉइंटवाल्याचे पॉइंट सगळ्यांना लागू होतात. बाबांचे सहा आणि मुलीचे शून्य असतील तर अख्खा गट शून्याचा. मादी टॅगच्या बाबतीत याने फारसं बिघडत नाही, तिथे गटानेच करा. आणखी एक: मादी टॅगांतला काही हिस्सा मुलांसाठी राखीव असतो. त्याचा फायदा सुट्या अर्जाला किती आणि मोठ्यांबरोबरच्या गटाला किती, ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहून मगच मुलाला गटात घ्या. मुलाचा एल्कचा टॅग हंगामात तसाच राहिला तर काही ठरावीक युनिटांत हंगाम संपल्यावरही मुलांना मादी एल्कची उशिराची शिकार करता येते. डिसेंबरच्या बर्फात कळप खाली उतरलेले असतात, तेव्हा ही संधी सोडू नका.

म्यूल डिअरचा, म्हणजे इथल्या मोठ्या कानांच्या हरणाचा, प्रत्येक टॅग या राज्यात सोडतीचाच असतो. एल्कचे काही टॅग मात्र ठरावीक हंगामात, ठरावीक भागांत दुकानात थेट मिळतात. मुख्य सोडत हुकली तर जूनअखेर दुय्यम सोडत असते आणि तिच्यानंतर ऑगस्टात उरलेल्या टॅगांची विक्री. पहिल्या वर्षी निराश होऊन अर्ज बंद करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. दुय्यम सोडतीत मादीचे टॅग बऱ्याचदा शिल्लक असतात.

इतर राज्यांत राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. न्यू मेक्सिको आणि आयडाहोत पॉइंटच नाहीत. नवख्याची आणि वीस वर्षं अर्ज करणाऱ्याची संधी सारखी. नेव्हाडात पॉइंटचा वर्ग करून तेवढ्या चिठ्ठ्या टाकतात. ॲरिझोनाच्या एल्कची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच असते. वायोमिंगमध्ये परराज्यातल्या माणसाला संरक्षित विल्डरनेस भागात मोठ्या प्राण्याची शिकार वाटाड्याशिवाय करता येत नाही, हे नकाशा उघडण्याआधीच लक्षात ठेवा.

युनिट कसं निवडायचं

पहिला निकष सरकारी जमीन. फॉरेस्ट सर्व्हिस आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट यांच्याकडची जमीन सगळ्यांची असते. तिथे तंबू ठोकायला आणि शिकारीला कुणाची परवानगी लागत नाही. पण ही जमीन खासगी रँचांच्या मधेमधे तुकड्यांनी पसरलेली आहे. ऑनएक्ससारखं नकाशाचं ॲप घ्या, मालकी हक्काच्या सीमा फोनवर आधीच उतरवून ठेवा. डोंगरात नेटवर्क नसतं. दोन सरकारी तुकडे फक्त कोपऱ्याला भिडलेले असतील तर तो कोपरा ओलांडण्यावरून बरीच कोर्टबाजी झाली आहे. २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या संघराज्य अपील न्यायालयाने वायोमिंगच्या खटल्यात शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी मुलांना घेऊन जाणाऱ्याने अशा कोपऱ्यांपासून दूरच राहावं. सलग मोठी सरकारी जमीन भरपूर आहे.

मीकरजवळचा फ्लॅट टॉप्सचा प्रदेश आणि व्हाइट रिव्हरचा कळप हे राज्यातलं एल्कचं सर्वांत प्रसिद्ध क्षेत्र. गनिसनचं खोरं म्यूल डिअरसाठी नावाजलेलं. दोन्हीकडे गर्दीही असते. मी नवख्याला असं सांगतो: रस्त्यापासून एक-दीड किलोमीटरच्या आत कळप सापडण्याची शक्यता असलेलं, फार खोल घळी नसलेलं, ८ ते १० हजार फुटांवरचं युनिट शोधा, भले तिथल्या शिंगांची ख्याती नसेल. त्याहून उंच गेलात तर मुलांना विरळ हवेचा त्रास होतो, आणि मारलेला प्राणी खाली आणायचा असतो, हे नकाशावर बोट फिरवताना कुणाच्या डोक्यात नसतं.

टॅग लागल्यावर जुलै-ऑगस्टात तिथे सहकुटुंब तंबू टाका. ही शिकारीचीच पहिली पायरी आहे, सहल नव्हे. पाणवठे शोधा. एल्क लोळलेला चिखल, शिंगं घासून साल निघालेली झाडं, लेंड्या, खुरांचे ठसे नकाशावर नोंदवा. ॲस्पेनचं रान कुठे संपतं आणि उत्तरेकडच्या उतारावरचं दाट सूचिपर्णी रान कुठे सुरू होतं ते पाहा. ऑक्टोबरात एल्क रात्री कुरणात चरतील आणि उजाडताच त्या दाट रानात शिरतील. तुमचं काम त्या दोन जागांच्या मधे, उजाडायच्या आत, वारा त्यांच्याकडून तुमच्याकडे येईल अशा जागी बसणं.

बंदूक आणि सराव

कुटुंबात पहिली रायफल एकच घ्या आणि ती घरातल्या सर्वांत लहान शिकाऱ्याच्या मापाची घ्या. मोठ्या माणसाला आखूड दस्त्याची रायफल चालवता येते. मुलाला लांब दस्त्याची नाही. सेव्हन एमएम-झिरो-एट किंवा .३०८ विंचेस्टर, हलक्या भाराच्या काडतुसांसह, एल्क आणि हरीण दोघांनाही पुरते आणि मुलाच्या खांद्याला फार झटका देत नाही. कोलोरॅडोत मोठ्या प्राण्यासाठी किमान .२४ कॅलिबर लागतं. एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आणि हरणासाठी ७० ग्रेनची. .२४३ कायद्यात बसते, पण एल्कवर मुलाच्या हातात मी ती देणार नाही. गोळ्या तांब्याच्या घ्या. शिशाची गोळी शरीरात फुटून बारीक कण मांसात पसरतात, आणि हे मांस तुमची मुलं खाणार आहेत.

दुर्बिणीवर पैसे खर्च करा. आठ किंवा दहा पटींची चांगली दुर्बीण प्रत्येकाच्या गळ्यात हवी. रायफलीवरच्या स्कोपमधून "तिकडे काय आहे" बघायची सवय कुणालाही लागू देऊ नका; तिकडे माणूस असू शकतो.

सराव मे महिन्यापासून. टेबलावर टेकवून नेम बसवला की टेबल सोडा. बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने, पाठीवरची पिशवी खाली ठेवून तिच्यावरून, असा सराव करा. मुलाने सहा इंची ताटलीवर लागोपाठ पाच गोळ्या ज्या अंतरावरून बसवल्या, तेवढंच त्याचं शिकारीचं अंतर. बहुतेक मुलांचं ते १०० ते १५० यार्डांच्या आसपास भरतं आणि तेवढं पुरतं. डोंगरात गेल्यावर ते अंतर वाढवायचं नाही, समोर कितीही मोठा कळप उभा असला तरी.

चार नियम घरात पाठ असू द्या. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. जे मारायचं नाही त्याकडे नळी वळवायची नाही. नेम लागेपर्यंत बोट घोड्यावर न्यायचं नाही. लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहूनच झाडायची. शिवाय कोलोरॅडोत २०२१ पासून घरात लहान मुलाच्या हाती लागणार नाही अशी बंदूक कुलपात ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. गाडीत रायफलीच्या चेंबरमध्ये काडतूस ठेवणं गुन्हा, रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडणं गुन्हा. आणि रायफल हंगामात अंगावर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग हवा, डोक्यावरच्या टोपीसह.

डोंगरातले दिवस

रायफलींचे चार हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होऊन नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास संपतात. पहिला हंगाम फक्त एल्कचा आणि थोड्या दिवसांचा. कुटुंबासाठी मी दुसरा सुचवतो. तो साधारण नऊ दिवसांचा असतो, दोन शनिवार-रविवार मिळतात, थंडी अजून सोसवते आणि एल्कबरोबर हरणाचा टॅगही वापरता येतो.

एक दिवस आधी पोहोचा, अंगाला उंचीची सवय होऊ द्या, पाणी भरपूर प्या. सुती कपडे घरी ठेवा; ओला सुती बनियन डोंगरात जीवघेणा ठरू शकतो. लोकर किंवा सिंथेटिक, आणि मुलांना मोज्यांचे जादा जोड. खाण्याच्या बाबतीत आपलं प्रवासाचं खाणं इथे फार कामाचं आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू, गूळपोळी: थंडीत गोठत नाहीत, वजनाला कमी आणि पोटाला भारी. नेटवर्क नसलेल्या जागी सॅटेलाइट संदेशाचं यंत्र मुलांबरोबर जाणाऱ्या प्रत्येक गटाकडे असायलाच हवं.

आता वारा. एल्कच्या शिकारीत कपड्यांच्या रंगापेक्षा, बंदुकीपेक्षा, नशिबापेक्षा वारा महत्त्वाचा. स्वच्छ हवेच्या दिवशी पहाटे थंड, जड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन उतारावर पडून तासाभरात ती उलटते आणि वर चढू लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे कळपाच्या खालच्या अंगाला असा, आणि उन्हं चढली की वरच्या अंगाला. हा बदल होताना अर्धा तास हवा कुठेही भिरभिरते. त्या वेळी हालचाल करू नका, दशमी खा. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी चिमूटभर उडवा. एल्कने तुम्हाला पाहिलं तर तो कदाचित थांबून पुन्हा पाहील. वास लागला तर अख्खा कळप पुढच्या डोंगरावर जाईल आणि त्या दिवशी परतणार नाही.

म्यूल डिअरची रीत वेगळी. मोठे कान, टोकाला काळी शेपटी, चारही पायांवर उसळत जाणारी उडी. घाबरला तरी बऱ्याचदा काही अंतरावर थांबून मागे वळून बघतो. त्याच्यासाठी उंचावर बसा आणि समोरचा उतार दुर्बिणीने ओळीओळीने वाचा. पूर्ण हरीण शोधू नका. कानाचं टोक, पाठीची आडवी रेघ, शिंगाची चमक शोधा. नोव्हेंबरात त्यांचा माजाचा काळ असतो, नर माद्यांच्या मागे उघड्यावर फिरतात.

मुलांना दिवसभर बसवू नका. पहाटे तीन तास आणि संध्याकाळी दोन तास पुरे. मधे तंबूत झोप, पत्ते, गोष्टी. एका वेळी एकाच मुलाच्या हातात बंदूक आणि एक मोठा माणूस पूर्ण वेळ त्याच्या खांद्याशी. टॅग नसलेली आठ-नऊ वर्षांची भावंडंही सोबत येऊ शकतात. मला तर वाटतं टॅग घेण्याआधी मुलाने एकदोन हंगाम नुसतं बरोबर यावं, मेलेला प्राणी पाहावा, त्याला हात लावावा आणि मग ठरवावं. नको म्हणालं तर विषय संपला. झाडायच्या क्षणी रडू आलं तर बंदूक उतरवा आणि त्याला जवळ घ्या. जीव घेताना ज्या मुलाला काहीच वाटत नाही, त्याच्याशी मी आणखी एक वर्ष बोललो असतो, टॅग दिला नसता.

गोळी आणि त्यानंतर

प्राणी पूर्ण आडवा उभा असेल तरच. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, छातीच्या खालून एक-तृतीयांश उंचीवर नेम: तिथे फुप्फुसं आणि हृदय. कळपात एकामागे एक प्राणी उभे असतील तर थांबा. एल्कच्या आरपार गेलेली गोळी मागच्यालाही लागते. मादीचा टॅग असेल तर डोक्यावर शिंगांचा कोंब नाही याची खात्री दोघांनी करायची. पोरवयाच्या नराची कानाएवढी शिंगं गवतात सहज लपतात.

गोळी लागल्यावर पळू नका. घड्याळ लावा, अर्धा तास बसा. प्राणी शेवटचा जिथे दिसला ती जागा एखाद्या झाडाच्या खुणेने पक्की करा. मग रक्ताच्या थेंबाथेंबाने माग काढा, प्रत्येक थेंबाजवळ नारिंगी फीत ठेवत. जखमी प्राणी शोधत अंधार पडला तरी शोध सोडायचा नाही. ही जबाबदारी गोळी झाडताच तुमच्यावर आलेली असते.

सापडल्यावर आधी टॅग: सही, तारीख, आणि प्राण्याला बांधणं. मग सुरी. नर की मादी याचा पुरावा मांसाच्या एका भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्यावा लागतो, तो कापून टाकू नका.

पोट न फाडता मांस काढायची पद्धत नवख्याला सोपी जाते. पाठीवरून कातडी सोलायची, वरच्या बाजूचे पुढचा आणि मागचा पाय सुटे करायचे, पाठीची लांब पट्टी आणि मानेचं मांस काढायचं, प्राणी उलटा करून तेच दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी बरगड्यांमागून हात घालून आतल्या कोवळ्या पट्ट्या. सगळं श्वास घेणाऱ्या कापडी पिशव्यांत, झाडाच्या सावलीत टांगून. प्लॅस्टिकच्या पिशवीत मांस कोंडून आंबतं. मांस बिघडतं ते उष्णतेने, म्हणून कातडी लवकर सोला आणि हाडाजवळचं मांस थंड होऊ द्या. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे.

मादी एल्कचं हाडाविना मांस साधारण ५५ ते ७० किलो भरतं, म्यूल डिअरचं २५ ते ३०. एका मोठ्या माणसाने पाठीवर २५ किलो धरले तर एल्कच्या तीन खेपा. गाडी चार किलोमीटरवर असेल तर त्या तीन खेपांचे चोवीस किलोमीटर होतात, निम्मे ओझ्यासह. गाडीपासून किती लांब शिकार करायची ते या हिशोबाने आधीच ठरवा. मुलांनी छोट्या पिशव्या उचलायच्याच, दोन किलो का होईना.

घरी आल्यावर

हरीण आणि एल्कमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा असाध्य रोग आढळतो. १९६७ मध्ये तो पहिल्यांदा कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत दिसला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी प्राण्याचं मांस खाऊ नये असा सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचा स्पष्ट सल्ला आहे. सीपीडब्ल्यूच्या केंद्रावर डोकं द्या. तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस वेगळं गोठवून ठेवा, कुणालाही वाटू नका. काही युनिटांत ही तपासणी सक्तीची असते. हरणांत हा रोग एल्कपेक्षा जास्त आढळतो, म्हणून हरणाच्या बाबतीत कधीच चालढकल नको.

एल्कच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते. बकऱ्याच्या मटणाच्या सवयीने शिजवलंत तर पाठीची पट्टी वहाणेसारखी होईल. ती पट्टी तापलेल्या तव्यावर तुपात दोन-दोन मिनिटं, मीठ-मिरी, बस्स. मांडीचं मांस खिम्याला उत्तम. खिमा करताना थोडं जास्त तेल घ्या. पुढचे पाय आणि मान काळ्या मसाल्यात, कुकरला नेहमीपेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त देऊन, मंद आचेवर मुरवा. रस्सा दुसऱ्या दिवशी आणखी चांगला लागतो. आवडत नाही म्हणणाऱ्या पाहुण्यांना आधी हा रस्साच वाढा.

पाकिटांवर प्राणी, भाग, टॅगवरचं नाव आणि तारीख लिहा. मुलीच्या टॅगचा एल्क असेल तर प्रत्येक पाकिटावर तिचं नाव येऊ द्या. मित्रांना द्या, जेवायला बोलवा, पण विकू नका. रानातल्या प्राण्याचं मांस विकणं बेकायदेशीर आहे, त्यामुळे महाराष्ट्र मंडळाच्या खाद्यजत्रेत खिमापाव लावायचा असेल तर खिमा दुकानातूनच आणावा लागेल. आणि हंगामानंतर सीपीडब्ल्यूकडून किती दिवस फिरलात, काय मिळालं अशी विचारणा आली तर रिकाम्या हाताने परतला असलात तरी उत्तर द्या. कुठल्या युनिटात किती जणांना शिकार मिळाली याचे जे आकडे तुम्ही पुढच्या वर्षी पाहाल, ते अशाच उत्तरांतून येतात.